दुपारच्या पाळीचा ग्रुप

डायलिसिसच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि कुणी गेलं तर त्या खोलीत ते बोलायचं नाही, अशी रीत होती. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. मोठ्या सिस्टर बावीस वर्षांपूर्वी इथे रुजू झाल्या तेव्हा आधीच्या सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर घातली होती. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, तीच माणसं एकमेकांशेजारी मशीनला जोडलेली बसतात. शेजारचा गेला म्हणून सांगितलं, तर उरलेल्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून खुर्ची रिकामी दिसू द्यायची नाही. पुढच्या पाळीला सगळ्यांना एकेक जागा सरकवायचं, ‘मशीनचं सर्व्हिसिंग आहे’ म्हणायचं, आणि टोकाच्या खुर्चीत नवा पेशंट बसवायचा. कुणी खोदून विचारलंच, तर ‘मुलाकडे गेले, आता तिकडेच करून घेतात’ एवढं सांगून रक्तदाबाचा पट्टा आवळायला घ्यायचा.

ही रीत बरीच वर्षं निभावली. मग ग्रुप आला.

प्रत्येक विभागाने पेशंटशी ‘सतत संपर्कात’ राहावं, असं वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. टेक्निशियनने, ज्याला सगळे इंजिनियर म्हणत, ते मनावर घेतलं. पन्नाशीचा गृहस्थ, दोन रंगांत तक्ते करण्याची भारी हौस. त्याने सकाळच्या पाळीचा एक आणि दुपारच्या पाळीचा एक असे दोन ग्रुप काढले. कुठल्या फळात पोटॅशियम किती, दिवसाला पाणी किती, हे तक्ते दर सोमवारी यायला लागले. त्यामागोमाग फुलं आली, सुविचार आले, टॅक्सीत कोण कुणाबरोबर येणार ते ठरायला लागलं. मोठ्या सिस्टरांना घरी भाजी चिरताना निरोप यायचे: वजन दोन किलो वाढलंय, येऊ का? पाय सुजलेत, फोटो पाठवतो. त्या हात पुसून उत्तर द्यायच्या. पूर्वी घरी गेलं की घरी असायचं. आता ती सोय राहिली नव्हती.

इंजिनियरला यादी साफ लागायची. पेशंट गेला की महिनाभराने तो त्याचा नंबर ग्रुपमधून काढून टाकायचा. काढल्याची ओळ ग्रुपवर सगळ्यांना दिसते, हे त्याला माहीत होतं. त्यात काही वाईट आहे, असं त्याला वाटलं नव्हतं. सिस्टरांच्याही ते फार उशिरा ध्यानात आलं.

त्या गुरुवारी दोन गोष्टी एकदम झाल्या. तीन नंबरचं मशीन खरोखरच बिघडलं, म्हणून सगळ्यांना एकेक जागा सरकवावं लागलं आणि विचारणाऱ्यांना सर्व्हिसिंग आहे असं सांगावं लागलं. आणि घड्याळवाले काका त्या दिवसापासून सकाळच्या पाळीला यायला लागले. दुपारच्या उजेडात बारीक स्क्रू नीट दिसतात, तेवढा वेळ दुकानात बसता यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. संध्याकाळी इंजिनियरने त्यांना दुपारच्या ग्रुपमधून काढलं आणि सकाळच्या ग्रुपमध्ये घातलं. घातल्याचं सकाळच्यांना दिसलं, काढल्याचं दुपारच्यांना.

शनिवारी दुपारी बाई आल्या नाहीत.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली, डायलिसिस सुरू होऊन दोन. घड्याळवाल्यांच्या शेजारची खुर्ची त्यांची. चार तास दोघांचा अखंड वाद चालायचा, बहुतेक वेळा पंखा किती ठेवायचा यावर. दोन वर्षांत बाईंनी एकदाही दांडी मारली नव्हती. सिस्टरांनी फोन केला, तो धाकट्या बहिणीने उचलला. दोघी बहिणी एकत्र राहत.

“ताई येत नाही म्हणते.”

“बरं नाही का?”

“बरं नसायला काय झालंय? सारखी फोनकडे बघत पडलीय. मी म्हटलं टॅक्सी आणते, तर म्हणाली, कशाला टॅक्सीचा खोळंबा.”

“त्यांना फोन द्या ना जरा.”

“दिला असता. पण तुमचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते.”

शनिवार चुकला म्हणजे पुढची पाळी थेट मंगळवारी. गुरुवारपासून पाच दिवस होतात. एवढ्या दिवसांत अंगात पाणी साचतं, पोटॅशियम चढतं, आणि हृदय कुठल्या क्षणी दगा देईल ते सांगता येत नाही. मंगळवारीही त्या आल्या नाहीत, तर मग काही विचारायलाच नको. रविवारी सिस्टरांची सुट्टी होती. जेवण उरकून त्या बाईंच्या घरी गेल्या. दोन मजले चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली आणि त्यांनी ती ऐकून घेतली.

बाई पलंगावर दोन उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की दम लागत असणार. चेहरा फुगला होता, पायावर मोज्यांच्या कडा रुतल्या होत्या. सिस्टरांनी वाकून घोट्याजवळ बोट दाबलं. पडलेला खड्डा बराच वेळ भरला नाही.

“बघून झालं?” बाई म्हणाल्या. “आता बसा.”

“बाई, हे काय मांडलंय तुम्ही?”

“काका कधी गेले?”

“कोण काका?”

“सिस्टर, मी छत्तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या आहेत. तुम्ही त्यांच्याइतक्याही सफाईने मारत नाही.”

“अहो, घड्याळवाले धडधाकट आहेत. सकाळच्या पाळीला येतात आता.”

“हो, गुरुवारी विचारलं तेव्हा तुमच्या हाताखालच्या छोट्या सिस्टरही हेच म्हणाल्या. आपले कंडक्टर यायचे थांबले, तेव्हाही असंच काहीतरी म्हणाला होतात. मुलाकडे गेले.” बाईंनी दम घेतला. “त्यांना तिन्ही मुलीच होत्या. तिघींची लग्नं त्यांनी मला पहिल्यापासून सांगितली होती, एकीचं तर दोनदा. मी काही बोलले नाही. म्हटलं, बिचारीला पाठांतर जमत नाही.”

दारात उभी असलेली बहीण हसू आवरत आत चहाचं बघायला गेली. ताईला चहा मोजूनच मिळायचा. तो अर्धा कप ती आज पिणार आहे का, हेही विचारायचं होतं.

सिस्टरांनी पर्समधून फोन काढला आणि घड्याळवाल्यांच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. सुनेने उचलला. काका झोपलेत म्हणाली. उठवा, म्हटल्यावर फोन घरभर फिरला. आधी छत दिसलं, मग खिडकी, आणि मग अर्धवट मिटलेला एक डोळा.

“काका, फोन लांब धरा. बाई आहेत इथे.”

“कोण बाई? पंखेवाल्या?” डोळा लांब गेला आणि अख्खा चेहरा आला. “काय हो, काल दुपारी आला नाहीत म्हणे. बरी दांडी मारता.”

बाईंनी फोन हातात घेतला. चष्मा पुसून पुन्हा घातला.

“तुम्ही सांगून जायचं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या.

“सांगणार होतो ग्रुपवर. उघडतो तर मला काढलेलं. म्हटलं, बाईंनीच तक्रार केली असणार.”

“सकाळी पंखा किती ठेवतात?”

“एकवर. सगळे निमूट बसतात. करमत नाही.”

फोन बंद झाला. आता या उठतील, असं सिस्टरांना वाटलं. बाई उठल्या नाहीत.

“काकांचं कळलं,” त्या म्हणाल्या. “आता बाकीच्यांचं सांगा. मी आल्यापासून आमच्या पाळीतले किती गेले?”

“बाई, ते नंतर बोलू. आधी मशीनवर चला. मी डॉक्टरांना विचारून आजच सुरू करते.”

“तुम्ही सांगत नाही, म्हणून आम्ही मोजत बसतो. खुर्च्या सरकल्या की मोजतो. ग्रुपमधून नाव गेलं की मोजतो. चार तास दुसरं असतं काय करायला? मला बरोबर आकडा हवाय. चुकीचा घेऊन मी त्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही.”

सिस्टरांना अचानक फार थकल्यासारखं झालं. या बाईंना काय सांगावं आणि काय नाही, हे ठरवायचंही त्राण उरलं नव्हतं.

“पाच,” त्या म्हणाल्या.

बाईंनी बोटं मिटली. “कंडक्टर. ते दोघे भाऊ, त्यातले थोरले. बेकरीवाली. मग निळ्या स्वेटरचे वकील.” चार बोटं मिटून झाली. अंगठा तसाच राहिला. “पाचवं कोण?”

सिस्टरांनी पर्सची चेन लावली. आकडा तोंडातून निघून गेला होता.

“पाचवं कोण, सिस्टर?”

“खिडकीजवळची मुलगी.”

“ती कॉलेजातली?” बाईंचा आवाज बदलला. “तिला तर किडनी मिळाली.”

“नाही मिळाली.”

“अहो, आपल्या पाळीतल्या शिंप्यांनी ग्रुपवर टाकलं होतं. आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं.” बाईंनी उशाशी ठेवलेला स्वतःचा फोन घेतला आणि बोटाने वर, आणखी वर सरकवत गेल्या. मार्च महिना सापडला. फुगे होते, फुलं होती, टाळ्या होत्या. ‘आता पोटभर पाणी पी गं बाळा,’ असं बाईंनी स्वतः लिहिलं होतं. “आणि हे बघा. तिच्याच नंबरवरून. धन्यवाद.”

“ते तिच्या आईने लिहिलंय.”

खोलीत बहिणीने आणून ठेवलेला कप होता, त्याच्यावर साय धरत होती. बाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

“शिंपी विचारत होते,” सिस्टर म्हणाल्या. “एकोणीस वर्षांची पोर. मुलाकडे गेली, असं कसं सांगणार? जे तोंडाला आलं ते बोलले. मला वाटलं, एकट्या शिंप्यांनाच सांगतेय. पूर्वी एकाला सांगितलेलं एकापाशीच राहायचं. मी घरी जाऊन फोन उघडला, तोवर पेशंट आणि त्यांच्या घरचे मिळून एकतीस जणांनी अभिनंदन करून झालं होतं. तेही तिच्या तेराव्या दिवशी.”

“तुम्ही तिच्या आईशी बोललात?”

“नाही.”

“चार महिने?”

“इंजिनियरला एवढं सांगितलं की तिचा नंबर काढू नका.”

बाईंनी रागवावं, असं सिस्टरांना मनापासून वाटत होतं. त्याऐवजी त्यांनी पाय पलंगावरून खाली सोडले आणि पायानेच चपला चाचपल्या.

“मी येते,” त्या म्हणाल्या. “पण माझं बरंवाईट झालं की मला कुठे पाठवू नका. आणि या धाकटीला कुणाला धन्यवाद म्हणायला लावू नका.”

बहीण टॅक्सी बघायला गेली.

डॉक्टरांनी फोनवर परवानगी दिली. इंजिनियर घरच्या कपड्यांतच आला, मशीन धुऊन तयार केलं. काय झालं ते सिस्टरांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो बराच वेळ नळीतले बुडबुडे टिचकी मारून काढत राहिला. “मला वाटलं यादी व्यवस्थित असावी,” एवढंच म्हणाला. वजन पाच किलो वाढलेलं निघालं. सुया गेल्या, पंप फिरू लागला, पहिला दाब बरा आला. रिकाम्या खोलीत एकट्या बाईंची खुर्ची आणि वर पंखा, चारवर.

सिस्टर टेबलापाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी मुलीच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

“मी डायलिसिसमधली मोठी सिस्टर बोलतेय.”

“हो,” आई म्हणाली. “नाव येतं तुमचं इथे.”

सिस्टरांची मनात जुळवलेली वाक्यं विस्कटली. मग जशी आली तशी त्यांनी सांगितली: किडनीचं त्या स्वतः बोलल्या होत्या, शिंप्यांची चूक नव्हती, आणि आता ग्रुपवर खरं लिहायचं आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं,” आई म्हणाली. “मग तिचं नाव दिसलं. एवढी माणसं आनंदात होती. काय लिहिणार मी? तिला कुणी काही दिलं की धन्यवाद म्हणायची सवय लावली होती आम्ही.”

“चूक माझी आहे.”

“ती आता कुणाची का असेना. लिहा तुम्ही. मला लिहायला सांगू नका.”

“नंबर काढू का ग्रुपमधून?”

“राहू दे. सोमवारचे तक्ते येतात. बघते मी.”

सिस्टरांनी टाइप करायला घेतलं. इंजेक्शन डोळे मिटून देता येईल एवढा सराव होता, पण चार ओळी लिहायला पाऊण तास गेला. मग त्यांनी फोन बाईंपुढे धरला. बाईंनी मोकळ्या हाताने चष्मा नाकावर सरकवला आणि वही तपासावी तसं वाचलं.

“हे ‘शांतपणे’ काढा.”

“का?”

“तुम्ही होतात तिथे?”

“नाही.”

“मग काढा. आणि किडनी मिळाली असं ‘कळवण्यात आलं होतं’ म्हणजे काय? कुणी कळवलं?”

सिस्टरांनी ते खोडलं. ‘मी सांगितलं होतं, ते खोटं होतं,’ असं लिहिलं. बाईंनी पुन्हा वाचलं. मान हलवली.

“वरच्या ऑफिसला कळलं, तर मला विचारतील,” सिस्टर म्हणाल्या.

“विचारू दे. बाकीचे चारही लिहा. वेगवेगळे. एकात कोंबू नका.”

“आज?”

बाईंनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. तीन तास दहा मिनिटं उरली होती.

“आज,” त्या म्हणाल्या. “मी कुठे जातेय.”

सिस्टरांनी पहिला निरोप पाठवला, खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी घेतली आणि कंडक्टरचं लिहायला सुरुवात केली.