ओइवाचं कुलूप

सणाच्या तोंडावर माणसाच्या अंगात जी घाई संचारते, ती आधी महिनाभर कामात दिसली असती तर गिरणीची वार्षिक दुरुस्ती कधीच आटोपली असती. तसं कुठलं व्हायला! युहान्नुसची, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाची, दुपार आली, बायकापोरं तळ्याकाठच्या लाकडी घरांत जाऊन बसली, रात्रीच्या शेकोट्या रचून झाल्या, आणि कागद गिरणीतली माणसं मात्र लाकडाच्या साली वाहून नेणारा पट्टा सुरू व्हायची वाट बघत ताटकळली होती. पट्टा फिरला की सगळे मोकळे.

आणि पट्ट्याच्या मुख्य खटक्यावर एक कुलूप लटकत होतं. बाकीच्यांनी आपापली काढून नेली होती. हे ओइवाचं होतं.

नियम साधा होता. यंत्राच्या पोटात शिरायचं तर खटका बंद करून त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. काम संपलं की ज्याचं त्याने काढायचं. तोडायची वेळ आलीच, तर आधी तो माणूस धडधाकट आहे हे डोळ्यांनी बघायचं. सुरक्षा अधिकारी पिर्कोने हिवाळ्यात कॉफीबरोबर हा नियम समजावला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवायला काय जातं?

"विसरला ओइवा," व्यवस्थापक हेन्रिक म्हणाला. त्याच्या हातात कुलूप तोडायची लांब दांड्यांची कात्री होती. "फोन उचलत नाही. गेटवरच्या रौनोने त्याची गाडी जाताना बघितली. आणखी काय पुरावा हवाय तुला?"

"ओइवा हवाय," पिर्को म्हणाली.

"तू स्वतः पट्ट्याखाली रांगून आलीस. होतं कुणी?"

"नव्हतं."

"झालं तर मग!"

"मग तो आहे कुठे?"

"पिर्को, अगं माझी सॉसेजं कुत्रा खाईल तिकडे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

पिर्कोचे कान तापले. तिची बहीणही बोट घेऊन धक्क्यावर खोळंबली होती. आत कुणी नाही हे तिने बघितलं होतं. आपण उगाच ताणतोय का, असं तिला वाटून गेलं. पण कुलूप आज तोडलं, तर उद्यापासून कुणी कशाच्या भरवशावर त्या पट्ट्याखाली शिरायचं? ती तरातरा गेटकडे निघाली. हेन्रिक कात्रीसकट तिच्या मागे.

"रौनो, तू गाडी बघितलीस की माणूस?"

"म्हणजे काय? गाडी काय भुताने चालवली?" रौनो दुखावला. "काचेवर ऊन होतं म्हणून तोंड नाही दिसलं. पण जाताना चक्क हात हलवला मला!"

"कुणी हलवला?"

"ओइवाने."

"ओइवाने?"

रौनोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तीस वर्षांत ओइवाने कुणाला हात हलवला नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो पाहुण्यांकडे बघून नुसता खाकरला होता.

"सिर्का असणार," रौनो पुटपुटला. सिर्का म्हणजे ओइवाची बायको. ती रस्त्यातल्या मांजरालाही हात करी. "बाजाराला गाडी घेऊन गेली असेल."

म्हणजे ओइवा गिरणीतच होता. आता हेन्रिकही पळायला लागला. कार्यशाळा झाली, खानावळ झाली, कोठार झालं. शेवटी सालींच्या शेडमागे, पुरुषांच्या सौनाबाहेर, म्हणजे वाफेच्या न्हाणीबाहेर, तेलकट बुटांचा एक जोड दिसला.

पिर्कोने दार बडवलं. "ओइवा!"

"हं."

"बाहेर ये."

"कपडे नाहीत अंगावर."

"नुसतं तोंड दाखव! मला तुला डोळ्यांनी बघायचंय."

"तीस वर्षांत कुणाला वाटलं नाही, ते आज तुला वाटलं?"

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दार किलकिलं झालं आणि वाफेतून एक लालबुंद चेहरा बाहेर आला. पिर्को खो खो हसत सुटली. हेन्रिकही हसला. "अरे बाबा, कुलूप विसरलास तू! दे ती किल्ली, लोक खोळंबलेत."

"विसरलो?" ओइवाने कपाळावरचा घाम निपटला. "पट्ट्याचा एक रूळ बदलायचा राहिलाय. पाठ धरली म्हणून शेकायला आलो. आता निघालोच होतो पट्ट्याखाली."

"खटक्याकडून जाऊन?" पिर्कोने विचारलं.

"तिकडे कशाला? आत शिरायची ही मागची झडप इथंच तर आहे." ओइवाला प्रश्नच कळला नाही. "कुलूप आहे की माझं."

हसू जागच्या जागी विरलं. हेन्रिकने कात्री हळूच पाठीमागे नेली, पण तिच्या दांड्या लपण्याएवढ्या लहान नव्हत्या. मग तो दाराशेजारच्या बाकावर मटकन बसला.

ओइवाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पिर्कोकडे.

"काय झालं? मेलं का कुणी?"

"नाही रे," पिर्को म्हणाली, आणि तिला एकदम रडूच फुटलं. "कुणी नाही मेलं. जा, तू कपडे घाल."