वर्षाचं पहिलं गाणं कुणाचं?

मोजणारे साहेब, तुम्ही मोजलं बरोबर आणि सांगितलं खोटं. तुम्ही कुठं बसता कुणाला ठाऊक नाही, तुमचं तोंड कुणी बघितलेलं नाही. पण डिसेंबर लागला की तुम्ही गाण्याच्या ॲपमधून घरोघरच्या मोबाइलात शिरता आणि वर्षभरात कुठलं गाणं किती वाजलं याचा निकाल लावता. लावा की! पण निकालाखाली तुम्ही एक ओळ पदरची जोडली. त्या एका ओळीपायी एका पोरीचं कॉलेज सुटत होतं. तुम्हाला जाब विचारायला कुणी येत नाही, म्हणून मीच विचारतो.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच कोपऱ्यातून तडकलेली आहे आणि पाठीचं झाकण निघू नये म्हणून मला रबर बांधलेलं आहे. जन्माचं एवढंच आठवतं, की पांढऱ्या झगझगीत उजेडात हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्यात पहिला स्क्रू पिळला. तिनं माझ्याकडे नीट बघितलंही नाही. माझ्यामागं शेकडो भावंडं रांगेत उभी होती.

ज्या साली शाळा बंद पडल्या, त्या साली माणिकरावांनी मला परभणीहून आणलं, पोरीच्या अभ्यासासाठी. ताडकळसजवळच्या त्या घरात माझं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. माणिकरावांच्या मंडळींनी, पार्वतीबाईंनी, मला हळदीकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू आवाजाच्या जाळीत गेलं, म्हणून माझा गळा आजही घोगरा आहे. दुकानदारानं माझ्यात नाव टाकलं ते पोरीचं, अपेक्षाचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तेव्हापासून मला हातात कुणीही घेवो, मोजणाऱ्यांच्या लेखी ती अपेक्षाच.

त्या पोरीनं माझ्या उजेडात दहावी काढली, बारावी काढली. तेव्हा माझं काय कौतुक! माणिकराव बाजारात सांगायचे, "आमच्या पोरीचा मास्तर खिशात मावतो." पुढं ती परभणीच्या कॉलेजात सायन्सला गेली. रोज एस.टी.नं जायची आणि मी तिच्या पिशवीत. एरवी मी घरचा. माणिकराव माझ्यावर भजन ऐकायचे. अपेक्षा गणितं सोडवताना एक नाचाचं गाणं लावायची. त्याच्या ठेक्यावर गणित सुटतं म्हणायची. पार्वतीबाईंसाठी मी फक्त बॅटरी होतो.

बापलेकीत पैज असायची. डिसेंबरच्या निकालात ज्याचं गाणं वर, त्याला हरणाऱ्यानं बाजारातली जिलबी आणायची. त्यासाठी दोघं लबाड्याही करायचे. माणिकराव मला विहिरीच्या मोटारीजवळ भजन लावून सोडून जायचे. अपेक्षा मला उशीखाली गात ठेवून जेवायला बसायची. ऐकायला कुणी नसताना मी बापडा गात राहायचो.

आता म्हशीचं सांगतो. तिचं नाव काशी. गेल्या उन्हाळ्यात ती व्याली आणि दोन दिवसांत तिचं रेडकू गेलं. काशीनं दूध चोरायला सुरुवात केली. पान्हाच सोडेना. हात लावला की लाथ. माणिकरावांचे चुलतभाऊ दत्तराव रोज ओट्यावर येऊन बसायचे. ते म्हणाले, "वैनी, इंजेक्शन ठोका. सगळं गाव ठोकायलंय."

पार्वतीबाई म्हणाल्या, "तिचं लेकरू गेलंय, भाऊजी. तुमाला ठोकलं तर चालंल का?"

एका पहाटे लाईट गेली होती. पार्वतीबाईंनी माझी बॅटरी लावली आणि मला गोठ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, अडकवलं. त्यांचा ओला अंगठा काचेवर पडला आणि एक गाणं सुरू झालं. सिनेमातलं. नायक नदीकाठी उभा राहून नायिकेसाठी गळा काढतो, तसलं. बंद कसं करायचं ते बाईंना येईना. तेवढ्यात काशीनं रवंथ थांबवला, कान टवकारले आणि भरभरून पान्हा सोडला.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मी मेढीला. एकदा गाणं संपलं की पुन्हा तेच, धार निघेपर्यंत. गाण्याच्या लाल साडीच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बाजूच्या बटणानं आवाज काशीच्या कानापुरता ठेवायचा, एवढं बाईंना जमलं. गाणं कशाबद्दल आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं; त्यांचं सगळं ध्यान चरवीत. आणि त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. दुभत्या जनावराची खूण सांगू नये, नजर लागते, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. नवऱ्याला तर मुळीच नाही. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, आणि दत्तरावांचे कान ओट्यावर कायम हजर.

निकालाचा दिवस रविवार होता. सगळे ओट्यावर जमले. अपेक्षानं मला मधोमध धरलं आणि खालून वर वाचायला लागली. तिसरं आलं माणिकरावांचं भजन. दुसरं आलं तिचं गणिताचं गाणं, जेमतेम एका वेळेनं पुढं! पोरीनं टाळ्या पिटल्या.

माणिकराव उसळले, "हे न्हाई चालायचं. इहिरीवर रेंज नव्हती, तिथलं मोजलंच न्हाई. फेरमोजणी करा!"

"जिलबी आणा, दादा. रडू नका."

हसून हसून माझी काच हलत होती. मग पहिलं आलं. ते नदीकाठचं गाणं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या इतकं पुढं, की धावण्याच्या शर्यतीत एकजण घरी जाऊन जेवून आला तरी पहिलाच असावा. आणि त्याखाली, मोजणारे साहेब, तुमची ती ओळ.

ती अपेक्षानं वाचलीच नाही. दत्तरावांनी मान लांब करून मोठ्यानं वाचलं, "अपेक्षा, यंदाचं तुझं वर्ष प्रेमात गेलं! कोण आहे तो?"

ओट्यावरचं हसू कुणी पुसून घ्यावं तसं झालं.

दत्तराव म्हणाले, "माणिकदादा, पोरगी एस.टी.त बसून कायला जायलीय, ते आता मोबाइलच सांगायलाय."

"दादा, मी हे गाणं एकदा पण लावलं न्हाई," अपेक्षा म्हणाली.

"मग भुतानं लावलं का?" माणिकरावांनी मला हिसकावून घेतलं. "उद्यापासून कॉलेज बंद. घरात बस."

"बुधवारी माझी प्रॅक्टिकल हाय. वर्ष जाईल माझं!"

"जाऊ दे."

पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. गाण्याचं नाव त्यांना कुठं ठाऊक? त्यांनी पोरीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आपे, खरं सांग गं माय." मित्रांनो, त्या पोरीनं बापाचं ओरडणं सोसलं. आईचं ते हळूच विचारणं तिला सोसलं नाही. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आणि सगळं ठाऊक असलेला मी! मला जगाशी बोलता येतं, घरात मात्र तोंड नाही.

मला लोखंडी पेटीत, गोधड्यांखाली कोंडलं. किल्ली माणिकरावांच्या करदोड्याला. तिथून मला बाहेरचं ऐकू यायचं. सोमवारी पहाटे चरवी उलटल्याचा आवाज आला. काशीनं लाथ मारली होती. संध्याकाळी पुन्हा तेच. पार्वतीबाई म्हणाल्या, "अवो, मोबाइल द्या. गोठ्यात बॅटरी पायजे."

"कंदील लाव."

खूण सांगावी तर नजर लागेल, न सांगावी तर म्हैस आटेल. बाई कुढत राहिल्या. मंगळवारी सकाळीही चरवी कोरडीच. तिकडं दत्तरावांनी गंगाखेडचं स्थळ आणलं. मुलगा कारखान्यात पर्मनंट. "पाहुणे उद्या यायलेत. त्याच्या आत पोरीकडून कबूल करून घे, म्हंजे पुढं भानगड नको," असं त्यांनी माणिकरावांच्या कानात भरलं.

मंगळवारी संध्याकाळी पेटी उघडली. माणिकरावांनी मला अंगणात आणलं, पोरीला समोर बसवलं आणि आवाज पार वर नेला. "ऐक! हेच ना? कुणासाठी वाजवायलीस हे? नाव सांग!"

मी जीव तोडून गायलो. इतकं मन लावून मी आयुष्यात गायलो नव्हतो. कारण गोठा तिथून चार पावलांवर होता.

आधी दावं ताणल्याचा आवाज आला. मग काशी रेकली. असं रेकली, की दत्तरावांच्या हातातली तंबाखू सांडली. रिकामी चरवी घेऊन निघालेल्या पार्वतीबाई जागीच थांबल्या. त्यांनी गोठ्याकडे बघितलं. काशीच्या सडांतून दूध आपोआप मातीत ठिबकत होतं.

"अगं माय! हे तर काशीचं गाणं!"

"कुणाचं?"

"म्हशीचं वो! मी लावते, रोज धार काढताना. लाल साडीचं! पोरीचा काही संबंध न्हाई!"

माणिकराव माझ्याकडे बघत राहिले. मग म्हशीकडे. काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तशा बाई ओरडल्या, "आधी धार काढू द्या, मग काय भांडायचं ते भांडा. दूध मातीत चाललंय!"

चरवीत धारेचा आवाज घुमला. मित्रांनो, त्या आवाजासारखं संगीत माझ्यात आजवर कुणी भरलेलं नाही.

दत्तराव चपला शोधायला लागले. पार्वतीबाईंनी वाकलेल्या मानेनंच हाक मारली, "भाऊजी, पोरीचं लय मोठ्यानं वाचलं तुमी. आता म्हशीचं बी तसंच सांगा गावात. आन् पाहुण्यांना सांगा, पोरगी उद्या परभणीला जायलीय."

माणिकराव ओट्यावर मटकन बसले आणि खोकला लागेपर्यंत हसले. "म्हंजे वर्षभर म्हैस प्रेमात हुती व्हय! लय मोठं ओझं उतरलं बघ, आपे."

"कुणाचं?" अपेक्षानं विचारलं. ती हसत नव्हती. "आन् दादा, ते गाणं मीच ऐकलं असतं तर?"

माणिकरावांनी मला शर्टाला पुसलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सकाळच्या गाडीचं बघ. प्रॅक्टिकल हाय न्हवं?" आणि वैरण टाकायला निघून गेले.

पार्वतीबाईंनी मीठ-मिरची आणली. आधी पोरीवरून उतरवली, मग म्हशीवरून. उतरवताना त्यांचे डोळे भरले होते. मिरची तर अजून विस्तवात पडायची होती.

मित्रांनो, मला आता हलकं वाटतं. अपेक्षाची प्रॅक्टिकल झाली, चांगली झाली. गुपित सगळ्या गावाला कळलं, तरी काशीला नजर लागली नाही. माणिकरावांनी जिलबी आणली, फेरमोजणीची कुरकुर करत. त्यातली एक काशीला मिळाली. पहिला नंबर तिचा. मला तुम्ही पुसलं नाही, रबर बदललं नाही, तरी चालेल. वस्तू तडकली तर तीही चालते. पण घरातलं माणूस जपा. काचेवर काही उमटलं की आधी माणसाला विचारा, आणि त्यानं सांगितलं तर ऐका.

आणि मोजणारे साहेब, तुमच्याकडे माझं काम राहिलंय. अपेक्षाच्या प्रश्नाला तिच्या बापानं उत्तर दिलं नाही. तुमच्या एका ओळीच्या आड म्हैस आली, म्हणून पोरगी वाचली. पण प्रत्येक घरी म्हैस नसते. ज्या पोरीनं ते गाणं खरंच ऐकलं असेल, स्वतःसाठी, मनापासून, तिनं कुणाला साक्षीला बोलवायचं? तुम्हीही सांगा, तिचे बापही सांगा. मी मेढीला लटकलोय, चालू आहे. उत्तर द्या!