बारा साखळ्या

साखळीतली एक कडी दुसरीवर जिथे टेकते, तिथे लोखंड मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं झिजलं होतं. बोटाला ते कळत नव्हतं. नख फिरवलं तर किंचित अडायचं, एवढंच. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या वर्नियरला मात्र ते दिसत होतं, आणि याहून बारीक काही त्या वर्नियरला दिसतही नव्हतं.

सिस्टरनी आकडा वहीत लिहिला. बाराव्यांदा मोजला होता आणि बाराव्यांदा तोच आला होता.

चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे मुली त्यांना वर्नियर सिस्टर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त झाल्यावर कॉन्व्हेंटची दफ्तरखोली त्यांच्याकडे आली. दोन लोखंडी कपाटं, खरेदीखतांची एक पेटी, हद्दीची जाडजूड वही आणि खुंटीला टांगलेली ही जमीन मोजायची सहासष्ट फुटी साखळी. खरेदीखतात चतुःसीमा स्वच्छ लिहिली होती: चॅपेलच्या पायाच्या दगडापासून पूर्वेला बारा साखळ्या, तिथे आपली जमीन संपते आणि शेजाऱ्याची सुरू होते.

या घरची एक रीत होती. नवी मदर सुपिरियर आली की तिने पहिल्याच आठवड्यात याच साखळीने हद्द मोजून घ्यायची आणि वहीत सही करायची. बाहेरचं माप चालत नसे. घरची जमीन घरच्या साखळीने. वहीत अशा अकरा सह्या होत्या, आणि दुसऱ्या सहीपासून जवळजवळ प्रत्येकीच्या वर तोच मजकूर होता: ‘बारा साखळ्या भरत नाहीत, तीन बोटे कमी. शेजाऱ्याने कुंपण सरकवलेले दिसते. कुंपण पूर्ववत केले.’

कुठे तीन बोटं, कुठे चार, कुठे वीतभर. शेजाऱ्याने काहीच सरकवलं नव्हतं. साखळीत घासणाऱ्या जागा सहाशे. प्रत्येक जागी झिजेमुळे एक दशांश मिलिमीटर वाढ म्हटली तरी एका साखळीमागे सहा सेंटीमीटर, बारा साखळ्यांमागे बहात्तर. साखळी लांबत गेली, म्हणून जमीन कमी भरत गेली, म्हणून प्रत्येक मदर प्रामाणिकपणे कुंपण शेजाऱ्याच्या बाजूला ढकलत गेली. शेवटी, चाळीस वर्षांपूर्वी, कुंपणाच्या जागी पक्की विटांची भिंत झाली.

त्या दिवशी साखळीचं दुसरं टोक वर्नियर सिस्टरच्या हातात होतं. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. शेजारचा फ्रेमवाला आपल्या दारात उभा राहून ओरडत होता, “अहो, माझी बोळ गिळलीत तुम्ही.” आणि सिस्टरच त्याला शांतपणे म्हणाल्या होत्या, “काका, माणूस चुकेल. साखळी चुकत नाही.”

दोन वर्षांपूर्वी मैदानावरची पोलादी टेप घेऊन त्यांनी सहज हद्द मोजली. साखळी झिजली नसती तर भिंत जिथे असायला हवी होती, त्याच्या पुढे ती बहात्तर सेंटीमीटर निघाली. तेव्हापासून हिशेबाचा कागद टेबलाच्या खणात होता. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, म्हणून त्यांनी हिवाळ्यात मोजलं. टेपला झोळ पडला असेल, म्हणून पुन्हा मोजलं. खात्री पटली की मदरना सांगू, असं त्या दर वेळी स्वतःला सांगत आणि खण लावून घेत.

दुपारी फ्रेमवाल्याचा मुलगा आला. आता फ्रेमवाला तोच होता; बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. चॅपेलमधल्या तसबिरीची दुरुस्त केलेली चौकट त्याने टेबलावर टेकवली. मागोमाग त्याची आत्या काठी टेकत आली.

“आत्या, तू कशाला आलीस? मी देऊन आलो असतो की.”

“तू देशील आणि मान खाली घालून परत येशील. बापावर गेला असतास तर चार शब्द बोलला असतास.” आत्या स्टुलावर बसली. “सिस्टर, उद्या मोजणीदार येणार म्हणे. ही जागा तुम्ही इस्पितळाला देताय.”

“हो. आम्ही सातच जणी उरलोय. एवढं आवार आता झेपत नाही.”

“आणि एकदा नकाशावर शिक्का बसला की भिंत कायमची.”

“हो.”

फ्रेमवाल्याने खिशातून अग्निशमन खात्याची घडी घातलेली नोटीस काढली. लाकूड आणि वॉर्निश ठेवणाऱ्या दुकानाला बाहेर पडायला सहा फुटी बोळ हवी. त्याची पावणेचार फूट होती. महिनाअखेर दुकान बंद.

“तुमचा दोष नाही सिस्टर,” तो म्हणाला. “नवीन लोकांना दोन शब्द सांगून ठेवाल का, एवढंच विचारायला आलो.”

“ह्याचा बाप ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून मेला,” आत्या म्हणाली. “लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला भिंतीने झपाटलंय. पायऱ्या तेवढ्या झिजल्या, बाकी काही हललं नाही.” मग तिची नजर टेबलावर गेली. “ही तीच ना साखळी? अजून पुजताय वाटतं.”

सिस्टरनी साखळीवर हात ठेवला. दोघं गेल्यावर त्यांनी खण उघडला, कागद घेतला आणि तडक मदरच्या खोलीत गेल्या.

मदर वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी कागद वाचला, उलटून मागची बाजूही वाचली.

“हे किती वेळा मोजलंत?”

“बारा.”

“उत्तर बदललं?”

“नाही.”

“मग पहिल्यांदा मोजलंत तेव्हाच का नाही आणून दिलंत?”

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. “अकरा जणींच्या सह्या आहेत. सगळ्या खोट्या ठरतील.”

“त्या चुकीच्या ठरतील. खोट्या ठरणार नाहीत.” मदरनी कागद परत केला. “एक विचारू? अकरांची काळजी आहे, की भिंतीच्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून बारावं नाव आहे त्याची?”

सिस्टरनी कागदाची घडी घातली.

“उद्या मोजणीदाराला तुम्ही जे सांगाल त्याखाली मी सही करीन. पण सांगायचं तुम्ही. हद्दीची वही तुमच्याकडे आहे.”

सकाळी मोजणीदार आला. पोटावर पट्टा, कानावर पेन्सिल, आणि घाई. त्याने तिवई उभी केली, यंत्रातून पाहिलं, आणि चॅपेलपासून भिंतीपर्यंत अंतर वाचलं. “दोनशे बेचाळीस मीटर, बारा सेंटीमीटर. तुमच्या कागदाशी थोडंसं जुळत नाही, पण जुन्या कागदांचं असंच असतं. भिंत आहे, तिलाच हद्द धरून टाकू. चालेल ना, मदर?”

मदरनी वर्नियर सिस्टरकडे पाहिलं. भिंतीपलीकडे करवतीचा आवाज थांबला. पलीकडून टेकवलेल्या शिडीवरून फ्रेमवाल्याचं डोकं वर आलं; खालून आत्याचा आवाज आला, “काय लिहितोय रे तो?”

“थांब गं, आत्या.”

मोजणीदाराने पेन्सिल कानावरून काढली. “लिहू ना?”

वर्नियर सिस्टर दोन पावलं पुढे झाल्या. साखळी त्यांनी घडी करून हातात आणली होती. ती चांगलीच जड लागत होती.

“नाही,” त्या म्हणाल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज होता, भिंतीपलीकडे सहज गेला. “हद्द भिंतीच्या अलीकडे, बहात्तर सेंटीमीटर आत आहे. चाळीस वर्षांपूर्वी माप चुकलं. साखळीचं टोक मी धरलं होतं. काका बरोबर होते. भिंत आम्ही पाडतोय.”