डोळा मारणारी भिंगरी

भिंगरी वर्गात डोळा मारते, अशी बाईंची तक्रार आली तेव्हा आत्या पोट धरधरून हसली. "घ्या! दुसरीतच पोरगी वाया गेली!"

आईला हसू येईना. "पुन्हा मारशील डोळा?"

"मी नाही मारत गं," भिंगरी रडवेली झाली. "तोच आपला आपला पडतो."

डोकं दुखतं म्हणायची, ते शाळा बुडवायचं नाटक ठरलं होतं. आता मात्र उन्हानं कोवळं पान मान टाकतं तशी तिची पापणी खाली आली. आईनं तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पापणी बोटानं उचलली, आत बॅटरी मारली. एका डोळ्याची बाहुली आक्रसली. दुसरी टक्क उघडीच.

"अहो, ही डोळा मारत नाहीये. हिला तो उघडताच येत नाहीये."

त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात डोक्याची तपासणी झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. मुलांत क्वचितच सापडतो. पापणी उचलणारी नस त्यानं चेपलीय. फुटायच्या आधी तो आतून बारीक तारेच्या वेढ्यांनी भरायचा."

"आणि भरताना फुटला तर?" बाबांचा आवाज चिरकला.

"वाचा जाईल, अंग लुळं पडेल. जीवही जाऊ शकतो. पण तसाच ठेवण्यात धोका जास्त."

"फुगा कुठल्या रंगाचा?" भिंगरीनं विचारलं.

"लाल असावा."

"मग आत्याला द्या. लिपस्टिकला जुळेल."

आत्या हसली, आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली. आई म्हणाली, "करा, डॉक्टर."

जांघेतून शिरलेली बारीक नळी वर चढली. पोट ओलांडून, काळजाच्या वेशीवरून, मानेच्या वळणानं. नळीतून रंग सोडला, तसं पडद्यावर रक्तवाहिन्यांचं झाड उमटलं. एका फांदीला ते टपोरं बोंड.

पहिला वेढा आत ठरेना. फुग्याच्या तोंडातून बाहेर डोकावू लागला. डॉक्टरांनी तार अलगद मागे घेतली. "हे लहान पडतंय. एक माप मोठं द्या." मोठं म्हणजे फुग्याच्या भिंतीला ताण. तार सरकली, वळली, भिंतीला टेकली आणि बसली! मग वेढ्यावर वेढा, सुगरणीनं घरटं विणावं तसा. पुन्हा रंग सोडला. सगळ्या फांद्या भरल्या. बोंड कोरंच राहिलं.

"फुगा बंद!" डॉक्टर ओरडलेच.

बाहेर बाकावर आई एकच घोकत होती: बोलू दे, चालू दे, बोलू दे, चालू दे.

भुलीतून भिंगरी कुरकुरत जागी झाली. "वेणी कुणी सोडली माझी?"

आईनं बाबांचं मनगट घट्ट धरलं. पोर बोलली होती.

"नंतर घालू वेणी," डॉक्टर वाकले. "नळी घातलेला पाय सरळच ठेवायचा हं. दुसरा हलव बघू."

भिंगरीनं असा पाय झाडला की शेजारचा ट्रे उडाला. वाट्या खणखणत खोलीभर गडगडल्या. नर्सबाई धावल्या, "अगं अगं!"

"पाडू द्या हो!" डॉक्टर खदखदून हसत होते. "अजून एक ट्रे आणा!"