मामाची हॅट

लोनेसच्या अंगाखालची चटई रक्ताने भिजली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिची आई नासिबेको दारातून नदीकडच्या वाटेवर डोळे लावून होती. नासिबेकोचा भाऊ, म्हणजे लोनेसचा मामा लुफेयो पहाटेच पलीकडच्या गावी मयताला गेला होता. घरातल्या बायकांच्या बाबतीत मामाचाच शब्द चालायचा. त्याच्या होकाराशिवाय अडलेली बाई दवाखान्यात हलवायची नाही. वाटेत काही झालं तर नेणाऱ्यावर ठपका यायचा. जावई फानुएलची सायकल मागे उशी बांधून तयार होती, पण बायकोच्या गावात तो शेवटी पाहुणाच.

"निरोप गेलाय ना? मग येईल तो," म्हातारी सुईण नाचिसाले म्हणाली.

"रक्त थांबत नाहीये, आजी," नासिबेको म्हणाली.

"माझी स्वतःची सहा बाळंतपणं घरातच झाली. मेले का?"

नासिबेकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची थोरली बहीण याच घरात अशीच अडून, त्यांच्या मामाची वाट बघत गेली होती. तो मामा पोचला तो तिला पुरायलाच.

ती कापड आणायला आत वळली. खुंटीवर लुफेयोची तपकिरी हॅट होती. मयताला उघड्या डोक्याने जायचं, म्हणून तो ती इथेच टांगून गेला होता. एरवी हा माणूस आंघोळही हॅट घालूनच करतो, अशी गावात थट्टा चाले. नासिबेकोने हॅट काढली, डोक्यावर चढवली आणि बाहेर आली.

"फानुएल, सायकल काढ."

"पण आई, मामा..."

"हे काय, आलेत मामा." तिने डोक्याकडे बोट दाखवलं.

"हॅट कधी बोलते का गं?" नाचिसाले म्हणाली.

"बोलते की. लोनेसला ऊठ म्हणते, आणि तुला गप्प बस म्हणते."

जमलेल्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग चार हातांनी लोनेसला उचलून सायकलवर बसवलं. फानुएल सायकल ढकलत निघाला. नासिबेको लेकीला मागून धरून चालली, हॅट सारखी डोळ्यांवर येत होती. वाटेतली माणसं हॅट ओळखून बाजूला होत होती.

दिवस कलायच्या आत दवाखान्यात मुलगी झाली. रक्तही थांबलं. दोघी सुखरूप आहेत हे नर्सने दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे नासिबेको व्हरांड्यात बसून पोटभर रडली. मग तिला सडकून भूक लागली.

लुफेयो धुळीने माखून आला, बोडकाच. तिने उठून हॅट पुढे केली.

"दादा, तुला न विचारता आणलं तिला. काय बोलायचं ते बोल."

त्याने खिडकीतून भाचीकडे आणि तिच्या कुशीतल्या गाठोड्याकडे पाहिलं. हॅट हातात घेऊन तो बराच वेळ फिरवत राहिला.

"ताईच्या वेळी मी घरातच होतो," तो म्हणाला. "आपले मामा असेच मयताला गेले होते. त्यांचीही हॅट खुंटीला होती, नासी. मला नाही सुचलं."

त्याने हॅट परत तिच्या डोक्यावर ठेवली.

"ही आता तुझ्याच घरी राहू दे."

"सैल होते रे मला."

"आत कापड भर," लुफेयो म्हणाला, आणि नातीला बघायला आत गेला.