कडू बहार

शेंदूरजनाघाटच्या वामनरावांच्या घराण्याला शाप होता, आणि तो गावाला तोंडपाठ होता. या घरची पोरगी प्रेमात पडली, की बागेतली संत्री कडू होतात. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीच्या, मंजुषाच्या वेळी अख्खी बाग कडू झाली होती. मंजुषाने तो माणूस सोडला आणि पुढे लग्नच केलं नाही. तेव्हापासून बहार आला की वामनराव रोज सकाळी एक संत्रं सोलून चाखत. घरात वयात आलेली पोरगी असली की याहून वेगळा तपास कशाला लागतो?

पोरगी, म्हणजे रागिणी, अकोल्याला शेतकी कॉलेजात शिकत होती. कलम बांधताना तिचं बोट कापलं, तेव्हा वर्गातल्या अश्विनने कलमाचीच पट्टी त्या बोटाला गुंडाळली. "आता फुटन पालवी," म्हणाला. फुटलीच. त्यालाही दोन वर्षं झाली, बाग मात्र गोडच.

"माह्यं खरंच प्रेम हाय ना तुह्यावर?" एकदा तिने काळजीने विचारलं.

"संत्र्याले काय विचारते? बापाले विचार."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती त्याला घेऊनच आली. अश्विन फाटकाशी थांबला. वामनराव झाडाखाली संत्रं सोलत होते, मंजुषाआत्या क्रेटमध्ये फळं निवडत होती.

"बाबा, माह्यं अश्विनवर प्रेम हाय. लग्न करीन तं त्याच्याशीच."

वामनरावांनी फोड तोंडात टाकली. "गोड हाय. म्हंजे प्रेमबिम काई नाई. जाय, चहा ठेव."

"दोन वर्षं झाली, बाबा!"

"कोणाचा पोट्टा?"

"नांदगाव खंडेश्वरच्या पुंजाजी मास्तरांचा. ते म्हणतात, लग्न विहारात लावू."

"नाई! या घरात हे होणार नाई." त्यांनी दुसरी फोड तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. कडूजहर! संत्रं तेच, हातातलं.

आत्याच्या हातातलं फळ खाली पडलं. "दादा, माह्यं प्रेम तं तीन वर्षांचं होतं. तीन बहार तुमी समद्यांनी गोडच खाल्ले. तू नाई म्हटलं, अन् दुसऱ्या दिवशी बाग कडू झाली."

"काईतरीच!" वामनराव म्हणाले. मग जरा दबकत, "बरं, पाहू." तिसरी फोड गोड निघाली. "पण विहारात म्हंजे..." चौथी थुंकावी लागली. संत्र्यात जन्म गेलेला माणूस, त्याला आणखी किती फोडी लागणार?

"ए पोट्ट्या, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "विहारात तं विहारात. हे फोड खाऊन पाय."

अश्विनने खाल्ली. "गोड हाय, काका."

"काका काहून? बाबा म्हण."

रागिणी चहा ठेवायला निघाली, आता स्वतःच्या मर्जीने. वामनरावांनी नवं संत्रं सोललं आणि पहिली फोड बहिणीच्या तळहातावर ठेवली. "चुकलो, मंजे."

आत्याने ती सावकाश खाल्ली.

"कशी हाय?"

"आंबटगोड," ती म्हणाली. "तीस वर्षं झाली ना रे."