फोडणीचा डेक, विरजणाचा डेक

"फोडणी!" कीर्ती लेकीच्या कानाशी पुटपुटली.

"नव्हे गे अम्मा. मोहरी टाकली खरी, पण तेलच तापलें नाहीं त्याचें. थांब, पाहा." सौंदर्याने शेजारच्या टेबलावरच्या, तिसऱ्या क्रमांकासाठी चाललेल्या डावावरची नजर काढली नाही. आणि खरेच, त्या टेबलावरच्या मुलाने हातातले पत्ते मिटून छातीशी धरले आणि गप्प बसून राहिला.

"विरजण," दोघी एकदमच म्हणाल्या आणि खुसखुसल्या.

कुंभकोणमच्या त्या लग्नाच्या हॉलात आज नादस्वरम् नव्हते. पंगतीच्या टेबलांवर पत्त्यांची स्पर्धा मांडली होती आणि सौंदर्या, चौथीतली पोर, अंतिम फेरीत पोचली होती!

शाळेत सौंदर्या तोंड उघडत नसे. हजेरीला नुसता हात वर. "कान तपासून घ्या," असेही एका बाईंनी सुचवले होते. पण मामाने हे राक्षस-पक्ष्यांचे पत्ते आणून दिले आणि घरात पोर बोलायला लागली. बोलायला म्हणजे काय, थांबेचना. मग कीर्तीही बसली पत्ते घेऊन. वनस्पतिशास्त्राची पदवीधर ती. वर्गीकरण म्हणजे तिच्या आवडीचे काम. फुलाला भुलू नका, पाने फांदीवर कशी बसलीत ते बघा, असे तिला कॉलेजात शिकवले होते. पत्त्यांचेही तेच. चमकणारा पत्ता बघायचा नाही. डेक, म्हणजे खेळाडूने निवडून आणलेला पत्त्यांचा संच, कसा चालतो ते बघायचे.

नावे मात्र स्वयंपाकघरातली. स्वस्त, चपळ पत्ते पहिल्यापासून तडतडत अंगावर आले की तो फोडणीचा डेक. समोरच्याने सावरायच्या आत चटका द्यायचा, कारण नंतर त्यात दम नसतो. प्रत्येक वार अडवत, तुम्हाला दमवत, निवांत बसतो तो विरजणाचा. आणि पुरणपोळीचा सगळ्यांत लबाड. डाळ शिजते आहे, कणीक मुरते आहे, बाहेरून काहीच दिसत नाही. सगळे जिन्नस हाताशी आले की एका खेळीत खेळ खलास, म्हणून त्याआधीच सगळे ओतून त्याला गाठायचे.

"विरजण आणि पुरणपोळी लवकर ओळखूं येत नाहींत," सौंदर्या सांगे. "दोन्ही गप्पच बसतात."

पंचांनी नाव पुकारले. पंच गायत्री म्हणून एक कडक चेहऱ्याची मुलगी होती. समोर बसला विजयराघव, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नुकती कुठे दाढी फुटलेला. एक डाव त्याने मारला, एक सौंदर्याने. आता शेवटचा. दोरीपलीकडे माणसे उभी राहिली. जिंकली तर चेन्नईची फेरी. पण कीर्तीला चेन्नईचे काय! उद्या वर्गात कुणी तरी म्हणावे, हीच ती जिंकलेली, एवढेच तिला हवे होते.

सौंदर्याचा डेक फोडणीचा. तडतड, तडतड पत्ते पडू लागले. विजयराघव एखादा वार अडवी, एक पत्ता ओढी आणि हात मिटून बसे. हा तर विरजण लावून बसलाय! पोर सगळे सैन्य पटावर ओतते आहे आणि हा एका पत्त्याने सगळे पुसून टाकणार. दोन तरी मागे ठेव ना गे! पण सौंदर्याने उरलेले पत्तेही उचलले.

कीर्तीची ही लहानपणापासूनची सवय. बाजारात दुकानदारासमोर तिची अम्मा बिनदिक्कत घरच्या तंजावरी मराठीत म्हणायची, "महाग सांगतोय, चल पुढें." दुकानदार बिचारा तमिळ, हसत बसायचा. घराबाहेर ही भाषा म्हणजे मुठीतली गोष्ट.

"विरजण आहे गे!" कीर्तीच्या तोंडून निघून गेले. "सगळें टाकूनको!"

विजयराघवने मान वर केली.

"अक्का," तो हळूच म्हणाला, अगदी त्याच घरच्या मराठीत, "आमच्याही घरीं विरजण लावतात."

कीर्तीचे कान तापले. जमीन दुभंगेल तर बरे. तो मात्र हसत होता. "असूं दे. खेळ तूं, पापा," लहान पोरीला तमिळमध्ये म्हणतात तसे तो सौंदर्याला म्हणाला. " मी कांहीं ऐकलें नाहीं."

सौंदर्याने आईकडे पाहिले. मग पत्ते पालथे ठेवले, हात वर केला आणि गायत्री जवळ येण्याचीही वाट न बघता तमिळमध्ये, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या अम्माने मला सांगितलं. चूक सांगितलं, पण सांगितलं!"

हॉलभर हशा पिकला, आणि लगेच विरला.

"मी तक्रार केलेली नाही," विजयराघव घाईने म्हणाला.

"त्यांनी नाही केली. मी सांगतेय."

गायत्रीने क्षणभर पोरीकडे बघितले. बाहेरून मदत मिळाली की तो डाव जातो, नियमच तसा. डाव गेला. टाळ्या वाजल्या, कुणासाठी, ते कुणालाच नक्की सांगता आले नसते.

"कण्णा, माझ्यामुळें..." कीर्ती लेकीला लाडाने म्हणत दोरीखालून वाकून आत आली.

पण तिथे तिचे ऐकायला कुणाला वेळ होता! विजयराघवने हातातले पत्ते उलटे केले होते आणि सौंदर्या जवळजवळ टेबलावर चढली होती. "पाहा! पुरणपोळीच! मला ठाऊक होतें! मणून तर मी सगळें टाकीत होतें! कोणता पत्ता यायचा होता तुला?"

"ही डाकीण. तेवढी आली असती की तूं संपलीस."

"पुढच्या ओढीला आली असती?"

"काय ठाऊक! बघूं या की."

"बघूं या!"

कामगार टेबले उचलायला आले, तशी दोघांनी पत्ते जसेच्या तसे उचलून मंचाच्या पायरीवर मांडले. कीर्ती पाठोपाठ निघाली.

"अम्मा, तूं तिकडे," सौंदर्या म्हणाली. रागाने नव्हे.

कीर्ती दारापाशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. समोरून एक रिकामी बस गेली. पाठीमागे खुर्च्या एकात एक सरकत होत्या आणि त्यांतून पत्त्यांचा आवाज येत होता, तड, तड. मग तो थांबला. आता तो ओढत असणार.

सौंदर्या किंचाळली. आनंदाने की काय, कळेना. कीर्तीने चौकट घट्ट धरली, वळायचा मोह आवरला आणि रस्त्याकडेच पाहत राहिली.